गंगव्वाच्या तळ्यातला पट्टा

"आमची थोरली कोल्हापुरात गाळ तपासती," असं माझे वडील पाहुण्यांना सांगायचे. ते कबनूरला मागावर कामाला होते. सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांचा आवाज मोठा, त्यामुळं ही बातमी गल्लीभर व्हायची. पाहुणा विचारायचा, "म्हंजे नगरपालिकेत हाय का?" वडील म्हणायचे, "न्हाय, कॉलेजात." मग पाहुणा विषय बदलायचा. गाळ तपासायला कॉलेजात बाई कशाला ठेवतील, हे त्याच्या डोक्यात शिरायचं नाही. खरं सांगायचं तर वडिलांनाही ते शेवटपर्यंत नीटसं उमगलं नव्हतं, पण अभिमान मात्र पुरेपूर होता.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. शिकवण्याचा पगार मिळायचा आणि उरलेल्या वेळात मी जुना पाऊस शोधायचे. हवामान खात्याच्या नोंदी मागं मागं जाऊन किती जाणार? त्याच्या आधीचा सगळा पाऊस बिननोंदीचाच पडून गेला. पण त्याच्या खुणा राहतात. कुणी त्या गुहेत टपटपून वाढलेल्या चुनखडीत शोधतं, कुणी सागाच्या खोडातल्या वर्तुळांत, कुणी ध्रुवाकडच्या बर्फात अडकलेल्या हवेत. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात बर्फ फक्त उसाच्या रसात. म्हणून माझ्या वाट्याला गाळ आला.

काम सांगायला सोपं आहे. झाडं फुलली की पराग उडतात. त्यातले थोडे फुलाला लागतात, बाकीचे वाऱ्यानं भलतीकडं जाऊन पडतात. तळ्यात पडलेले तळाला बसतात, त्यावर पुढच्या वर्षीचा गाळ येतो, त्यावर त्याच्या पुढचा. परागाच्या कणाचं कवच मोठं चिवट. हवा लागली नाही तर ते हजारो वर्षं गाळात जसंच्या तसं राहतं. आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा. गवताचा कण गोल गुळगुळीत, एका छिद्राचा. जांभळाचा तिकोनी. सूर्यफुलाच्या कुळातला काटेरी. एखाद्या थरात जांभळासारख्या झाडांचे कण भरपूर दिसले की समजायचं, तेव्हा पाऊस चांगला होता. गवताचे वाढले की पावसानं हात आखडला होता. मग त्याच थरातला कोळशाचा एखादा तुकडा परगावच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, तिथले लोक त्यातल्या कार्बनवरून वय काढून देतात. उत्तर यायला इतके महिने लागायचे की पाठवलेलं काय होतं ते विसरून जावं.

यातलं अवघड काम म्हणजे गाळ वरपासून खालपर्यंत थर न मोडता बाहेर काढणं. परदेशात त्यासाठी यंत्रं असतात. मी शेतीच्या पाइपांच्या दुकानातून जाड पाइप घ्यायचे आणि दोन धट्टेकट्टे गडी घणानं तो तळ्यात ठोकायचे. दुकानदार विचारायचा, "किती एकर भिजवायचं हाय, म्याडम?" पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावात तर लोकांची खात्रीच झाली होती की मी गुप्तधन शोधते. मी पाइप घेऊन निघाले तर म्हाताऱ्यांनी तो उभा करून आत डोकावून बघितला. गाळच आहे म्हटल्यावर ते माझ्यापेक्षा जास्त हिरमुसले.

आणखी एक गिऱ्हाईक आठवतं. नदीच्या अंगाला इमारत बांधणारा एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन विभागात आला होता. त्याला "इथं पूर्वी कधी पूर आला नव्हता" असा दाखला हवा होता. मी त्याच्या पायाच्या खड्ड्यात उतरले. खड्ड्याच्या भिंतीत पुराच्या गाळाचे थर एकावर एक घड्या घालून ठेवल्यासारखे स्पष्ट दिसत होते. मी म्हटलं, "साहेब, नदी इथं राहायलाच होती. तुम्ही नंतर आलात." तो पेढे परत घेऊन गेला. दोन हजार पाचच्या महापुरात मला त्याची फार आठवण झाली.

असल्या गमती सांगायच्या म्हटलं तर पुष्कळ आहेत. पण या कामाचा विषय निघाला की मला आठवतो तो गडहिंग्लजच्या पूर्वेचा एक खुंट, आणि ती आठवण काही गमतीची नाही.

कर्नाटकाच्या हद्दीला लागून ते गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गावाच्या वरच्या अंगाला तळं, काठावर देवीचं लहानसं देऊळ. पायऱ्यांचा घाट तेवढा पुढं बांधलेला, तळं मात्र कुणी बांधलं नव्हतं. जमिनीतच खोलगट जागा होती आणि त्यात पाणी साठत आलं होतं. तळं कधी आटत नाही, देवीचं वचन आहे, असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगत. दोन हजार सालानंतर लागोपाठ पावसानं दडी मारली तेव्हा ते आटलं. टँकर सुरू झाले आणि गावानं ठरवलं, आटलंच आहे तर गाळ उपसून तळं खोल करून घ्यावं.

गडहिंग्लजला परीक्षेच्या कामाला गेले असताना मला हे कळलं. शेकडो वर्षांचा गाळ, कुणी हात न लावलेला, आणि तो पाट्या भरभरून उसाच्या रानात पडणार. एसटी पकडून मी गेले. सगळं गाव तळ्यात उतरलेलं. त्यांना थांबा म्हणायला तोंडच नव्हतं मला. त्यांना प्यायला पाणी नव्हतं आणि मला हवा होता मेलेला पाऊस. दुष्काळ पूर्वी किती वेळा पडला हे ज्या गाळात लिहिलेलं, तोच दुष्काळामुळं उपसला जात होता. त्यात कुणाची चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

कामावर देखरेख करणारे बाळाण्णा म्हणून एक मुकादम होते. त्यांनी मला एक वाट दाखवली. मातीकाम करताना मध्ये मध्ये न खोदलेल्या मातीचे खुंट उभे ठेवतात. किती खोल खोदलं ते त्यावरून मोजायचं, मोजणी झाली की तोडून टाकायचे. म्हणजे प्रत्येक खुंट हा तळ्याच्या गाळाचा वरपासून खालपर्यंतचा नमुनाच की! माझ्या पाइपातून तळहाताएवढा जाड गाळ यायचा, इथं हंड्याएवढा येणार होता.

मी म्हटलं, "बाळाण्णा, काम संपल्यावर मधला एक खुंट तोडू नका. मी येऊन नेते."

"तोडत न्हाय की," बाळाण्णा म्हणाले. "पर म्याडम, मातीचा खुंट न्हेऊन करणार काय?"

मी सांगायला लागले. आजूबाजूच्या बायका पाट्या खाली ठेवून ऐकायला थांबल्या. तळं आटलं तर तळाच्या गाळाला ऊन लागतं, त्यातले पराग कुजून जातात, माती फिकट तांबूस पडते, मग परत पाणी आलं की वर काळा गाळ बसतो, आणि असा पट्टा मध्ये सापडला तर पूर्वी कधी तरी तळं आटलं होतं असं म्हणता येतं, इथपर्यंत मी आले. तेव्हा मागं उभी असलेली एक बाई पुढं आली. पन्नाशीची, उंच, कपाळ मोकळं.

"म्हंजे पयलं कवा तळं आटलं आसंल, तर त्ये ह्या मातीत कळंल?"

"कळेल, नशीब असलं तर."

"आन् कवा आटलं, कुणाच्या वक्ताला, त्येबी?"

"साधारण कळतं. शंभर वर्षांपूर्वी की पाचशे, इतपत."

ती म्हणाली, "तुमचा खुंट मी राखतो. दुसऱ्या कुणाला सांगू नगासा." आणि पाटी उचलून गेली. बाकीच्या बायका एकमेकींकडं बघत पांगल्या.

एसटीपर्यंत सोडायला बाळाण्णा आले. वाटेत त्यांनी सांगितलं. ती गंगव्वा. पावसाळ्यानंतर तळं भरलं की पहिली घागर एका सवाष्णीनं भरायची आणि त्या पाण्यानं देवीला अंघोळ घालायची, अशी गावची रीत. मागं एका वर्षी मान असलेली बाई ऐन वेळी आजारी पडली. दुसरी कुणी जवळ नव्हती. गंगव्वाचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पण अंघोळ चुकायला नको म्हणून तिनं घागर भरली. तेव्हा कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षापासून पाऊस हटला, तळं आटलं, आणि गावाला कारण सापडलं.

"आता म्हंत्यात, तळं भरल्यावर हिनं घाटावर पाय ठेवायचा न्हाय," बाळाण्णा म्हणाले. "सगळ्यांत जास्ती पाट्या तीच वाहती बगा. कुणी सांगितल्या न्हाइत तिला."

पाण्याच्या काठावर कुणी यायचं आणि कुणी नाही, हे आमच्या घराला नव्यानं शिकायला नको होतं. माझी आजी तिच्या माहेरच्या गावात दुसऱ्यानं वरून ओतलेलं पाणी प्यायली होती. दीक्षा घेतल्यावर ती पहिल्यांदा स्वतःच्या हातानं आडातून पाणी काढून प्यायली, ती गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकलेली. त्या दिवशी एसटीत बसल्यावर मला तळ्याच्या गाळापेक्षा गंगव्वाच जास्त दिसत राहिली. मनाशी म्हटलं, हिला तो पट्टा सापडला पाहिजे.

आणि तो सापडला. दोनेक आठवड्यांनी कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. शिपाई जिना चढून धापा टाकत आला. "म्याडम, कोण तर बाई हाय फोनवर. लई मोठ्यानं बोलती."

"म्याडम!" गंगव्वा डेअरीच्या फोनवरून ओरडत होती. "पट्टा गावला की!"

"कसा आहे?"

"वर काळं, खाली काळं, मदी कच्च्या इटंगत तांबूस. चार बोटं हाय. खुंटाला फिरून चारी अंगानं हाय!"

मला तिथंच नाचावंसं वाटलं. पण या धंद्यात आनंदाला आवर घालायची सवय लागते. तांबूस पट्टा दोन कारणांनी येतो. तळं आटून गाळाला ऊन लागलं तर येतो, आणि एखाद्या धुवांधार पावसात वरच्या टेकडीची तांबडी माती एकदम वाहून आली तरी येतो. म्हणजे रंग एकच आणि अर्थ अगदी उलटा. एक दुष्काळ, दुसरा महापूर. कोणता ते डोळ्यांनी कळत नाही, थर काचेवर घेऊनच बघावा लागतो. मी तिला हे सांगितलं. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

"तुमी कवा येतासा?" तिनं विचारलं.

तेव्हा विद्यापीठाची पेपर तपासणी सुरू होती. तिथून कुणाला हलू देत नसत. मी विनवण्या केल्या, वरिष्ठांपुढं उभी राहिले. "गाळ कुठं पळून जातोय का?" असं मला विचारण्यात आलं. गंगव्वाला मी म्हटलं, "सुटका झाली की त्याच दिवशी येते. तोवर खुंटाला ऊन लागू देऊ नका. ओली पोती टाका. तडकू देऊ नका."

"तुमी काळजी करू नगासा. पोटच्या पोरागत जपतो."

शेवटचा गठ्ठा संपवून मी पत्र्याचे डबे, सुऱ्या, प्लास्टिकच्या पिशव्या असं सगळं बोचकं घेऊन पहिली गाडी पकडली. आभाळ भरून यायला लागलं होतं. तळ्यात काम संपलं होतं, चिटपाखरू नव्हतं. मोकळ्या तळाच्या मधोमध खुंट उभा होता आणि त्याच्या शेजारी पदर खोचून गंगव्वा.

खुंट सारवलेला होता.

वरपासून खालपर्यंत, चारी बाजूंनी, शेणानं सारवलेला. इतका गुळगुळीत की हात फिरवावासा वाटावा. खाली कडेनं चुन्याची बारीक रेघ ओढलेली. आसपासच्या सगळ्या गाळाला भेगा पडून खपल्या उडाल्या होत्या आणि हा एकटा नव्या ओट्यासारखा दिसत होता.

"पोती घाटली, पाणी मारलं, तरी तडकाय लागला," गंगव्वा सांगत होती. "ह्येवढ्या भेगा, हात आत जाईत हुता. मग तळ्याचीच चिकणमाती आन् शेणकाला कालवला, भेगांत वतला, दाबून दाबून भरला. वरनं सारवलं. रोज एक हात दिलाय. आता बगा, येक चीर गावायची न्हाय."

तडकलेल्या भुईचं आमच्याकडची कुठलीही बाई जे करील तेच तिनं केलं होतं. तिच्या जागी माझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं. ज्या कामात जराशी हवा, एखाद्या नव्या फुलाची पूड लागली तरी आम्ही नमुना फेकून देतो, त्या नमुन्याच्या पोटात तिनं घमेली भरभरून शेण घातलं होतं. मी मट्कन खाली बसले. तिला वाटलं, उन्हानं चक्कर आली. तिनं पदरानं वारा घातला.

"काय झालं, म्याडम? झाक झालं न्हाई का?"

मी म्हटलं, "छान झालंय, गंगव्वा." दुसरं काय म्हणणार होते?

वरचं सारवण खरवडून काढलं. आत तांबूस पट्टा होता, ती म्हणाली तसाच. आणि त्याच्यातून, खालच्या वरच्या काळ्या गाळातून, हिरवट शेणाच्या शिरा आरपार गेलेल्या. जिथं शिरा दिसत नव्हत्या तिथलं तिथलं मी सुरीच्या टोकानं घेतलं. गंगव्वा डबे धरून उभी होती.

पुढचं काम प्रयोगशाळेतलं. गाळ आम्लात घालायचा, वाळू विरघळवायची, उरलेलं काचेवर घ्यायचं. हे आम्ल माणसाचं हाडही सोडत नाही, आणि आमच्या विभागातला धूर ओढायचा पंखा कायम बंद, म्हणून मी तोंडाला ओला रुमाल बांधून व्हरांड्यात बसायचे. पट्ट्याच्या पहिल्याच काचेवर एक बारीक काटेरी कण दिसला आणि मी डोळा काढून घेतला. तो गाजर गवताचा होता. गाजर गवत आपल्याकडं स्वातंत्र्यानंतर परदेशी गव्हाबरोबर आलं असं सांगतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या गाळात त्याला काही काम नव्हतं. मग मका दिसला. मग ऊस. चाऱ्यातून, कडब्यातून, गोठ्याच्या धुळीतून आलेलं सगळं काही. त्या उन्हाळ्यात गावच्या म्हशींनी काय काय खाल्लं ते मला बिनचूक कळलं. तळं पूर्वी आटलं होतं का, तेवढं कळलं नाही. जुने कण थोडे होते, पण ते पट्ट्यातलेच की भेगांत भरलेल्या चिकणमातीबरोबर आलेले, हे सांगायला कुणीच नव्हतं. काचा बदलून बदलून मी डोळे फोडून घेतले. कोळशाचा एखादा कण मिळाला तरी त्याच्या वयावर विश्वास ठेवता येत नव्हता, कारण ताज्या शेणातला कार्बन त्याला चिकटलेला. सगळा नमुना मी टाकून दिला, आणि त्या दिवशी विभागात बसून रडले.

परत जाऊन दुसरा खुंट आणायची सोय नव्हती. पाऊस सुरू झाला होता. त्या वर्षी तो बेतानं नाही, मनापासून पडला. तळं भरलं आणि खुंट त्यात विरघळून गेला.

तळं भरल्यावर पहिल्या घागरीच्या दिवशी बाळाण्णांनी मला बोलावणं पाठवलं. न जाण्याची कारणं पुष्कळ होती, पण गेले. घाटावर गाव जमलं होतं. गंगव्वा वरच्या पायरीच्याही पलीकडं, पिंपळाच्या पारापाशी उभी होती. तिनं धुवट लुगडं नेसलं होतं. मला बघून ती हसली. तिला उत्तर माहीत होतं, ते फक्त मी मोठ्यानं म्हणायचं राहिलं होतं.

देवीचा पुजारी तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं मला नारळ दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "म्याडम, आमच्या तळ्याची माती तुमी न्हेलती. आता सांगा, पूर्वी कवा तळं आटलतं का न्हाई?"

मी म्हटलं, "नमुना बिघडला. त्यावरून काही सांगता येत नाही."

"म्हंजे आटलं न्हवतं."

"तसं मी म्हटलं नाही."

"मग आटलतं?"

"तसंही म्हणता येत नाही."

कुणी तरी हसलं. पुजाऱ्यानं मान हलवली, झालं तेवढं पुरे अशा अर्थानं. मी परत सांगायला लागले, की सांगता येत नाही याचा अर्थ आटलं नव्हतं असा होत नाही. पण तोवर हलगी सुरू झाली होती, घागर पाण्यात बुडत होती. आमच्या शास्त्रात 'सांगता येत नाही' हे प्रामाणिक उत्तर आहे. घाटावर त्याचा अर्थ एकच होता. मी पाराकडं बघितलं तेव्हा गंगव्वा तिथं नव्हती.

नमुना कशानं बिघडला हे मी तिथं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्या नावावर आणखी एक गोष्ट चढली असती. पण त्या दिवशी "आटलं होतं" एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले असते तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. पट्टा होता. तांबूस होता. मला आतून वाटतही होतं की तो दुष्काळाचाच आहे. पण वाटणं वेगळं, आणि सांगणं वेगळं, हे मी जन्मभर मुलांना शिकवलं होतं. आज विचारलं तरी मी तेच उत्तर देईन. आणि आजही ते उत्तर दिल्याचं मला वाईट वाटतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा राहतात, ते मला कळलेलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी चंदगडच्या बाजूला एका तळ्यात आम्ही पाइप ठोकला. या वेळी थर मोडला नाही, हवा लागली नाही, सगळं नीट झालं. त्यात एक तांबूस पट्टा सापडला. काचेवर घेतला तर परागांची कवचं कुजून खाल्लेली, वरखाली गवताचे कण भरमसाट. तळं आटलं होतं, शंकाच नव्हती. प्रयोगशाळेनं वयही दिलं, काही शतकांपूर्वीचं. मला काय सुचलं असेल ते वाचकांना कळेलच. चंदगड म्हणजे पावसाचं आगर. तिथलं तळं ज्या दुष्काळात आटलं, त्या दुष्काळात गडहिंग्लजच्या पूर्वेचं तळं काय भरून वाहत असणार होतं? हे वाटणं नव्हतं, हे मला छातीठोकपणे सांगता येत होतं. आलेलं उत्तर पर्समध्ये घालून मी गाडी पकडली.

गंगव्वा थकली होती. गावाच्या खालच्या टोकाला बोअर होतं, तिथून ती पाणी आणायची. मी गेले तेव्हा ती कळशी घेऊन येतच होती. अंतर बरंच होतं, वाटेत दोनदा तिनं कळशी खाली ठेवली. तळ्याचा घाट तिच्या दारातून दिसत होता. मी म्हटलं, "अजून येऊ देत नाहीत?"

"आता कोण काय म्हणत न्हाय. नवी पोरं हाइत, त्यास्नी ठावंबी न्हाय. मीच जात न्हाय."

तिनं चहा टाकला. मग एकदम म्हणाली, "म्याडम, मी येवढा सारवला हुता खुंट, येक चीर ऱ्हाऊ दिली नव्हती. तरी कसा बिघडला वो त्यो?"

मी म्हटलं, "मला यायला उशीर झाला, गंगव्वा." तिनं मान डोलावली.

मग मी तिला चंदगडचं सांगितलं. सावकाश, तिला कळेल असं. काळा गाळ, मध्ये तांबूस पट्टा, कुजलेले पराग. काही शतकांपूर्वी लागोपाठ पाऊस पडला नाही, तिकडचं एवढं तळं आटलं, तर इथलं आटलंच असणार. देवीनं तेव्हाही वचन पाळलं नव्हतं. तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता. आता आपण दोघी जाऊ घाटावर, पुजाऱ्याला बोलवू, मी सगळ्यांपुढं सांगते.

ती चहाचा कप हातात धरून ऐकत होती. शेवटपर्यंत ऐकलं. मग कप खाली ठेवला आणि मलाच समजावल्यासारखं म्हणाली,

"मग त्या वक्तालाबी कुणी तर माज्यागत बाईनं घागर भरली आसंल की, म्याडम."